एक पेनड्राइव्ह, सात लॅपटॉप आणि गॅरी किल्डॉल

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायची आणि शाळेत फक्त मराठीच्या तासाला लिहायची, त्यातही वेलांटीचे मार्क हमखास कापले जायचे. म्हणून मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर रूमवर आधी हशा पिकला. संपादक मंडळातल्या दादाने शुद्धलेखन तपासून देतो असं सांगितलं तेव्हा कुठे हिंमत झाली. तरीही चुका राहिल्या तर त्या माझ्या, दादाच्या नाहीत.

गोष्ट सुरू होते एका पेनड्राइव्हपासून. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. आमच्या विंगमधले निम्मे लॅपटॉप सेकंडहँड. कुणाला चुलतभावाचा जुना मिळालेला, कुणी नागपूरला सीताबर्डीवर घासाघीस करून घेतलेला. विंडोज ११ टाकायला गेलं की टीपीएम २.० नाही म्हणून स्पष्ट नकार. नवीन लॅपटॉप घ्यायची ऐपत कुणाचीच नाही, घरी सांगायचं तर आधी सेमिस्टरचा निकाल विचारतात. मग ठरलं, लिनक्स टाकायचं. फाइल डाउनलोड केली, आठ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल केला आणि दोन शनिवार-रविवार बसून सात लॅपटॉप उरकले. कुठे एफ-२ दाबा, कुठे एफ-१२, कुठे एस्केप. एका लॅपटॉपचं पार्टिशन मी बॅकअप न घेताच उडवलं आणि एका मैत्रिणीचं दुसऱ्या वर्षाचं सगळं लिखाण गेलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

पण काम करता करता एक प्रश्न डोक्यात शिरला. सात लॅपटॉप, चार वेगवेगळ्या कंपन्यांचे, कुणाचा प्रोसेसर वेगळा, कुणाची डिस्क वेगळी. पेनड्राइव्ह मात्र एकच! तो सगळीकडे चालला कसा? आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. सरांना विचारलं तेव्हा त्यांनी एक नाव सांगितलं, गॅरी किल्डॉल. ऑपरेटिंग सिस्टिमचा मशीनशी बोलणारा भाग वेगळा काढून, एकच सिस्टिम हजारो प्रकारच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवणारा माणूस. नाव तेवढ्यापुरतं लक्षात राहिलं आणि मी विसरून गेले.

ते पुन्हा कानावर पडलं कॉलेजमधल्या एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या भाषणात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी गोष्ट सांगितली की आयबीएमसारखी बलाढ्य कंपनी किल्डॉलच्या दारात आली, आणि साहेब मजेत विमान उडवत बसले होते. आयबीएमवाले कंटाळून निघून गेले, बिल गेट्सकडे गेले, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तात्पर्य, संधी दार ठोठावते तेव्हा घरी हजर राहा. हॉल हसला, टाळ्या पडल्या.

माझी रूममेट मात्र हसली नाही. ती भामरागडची. ऑगस्टमध्ये घरी गेली होती आणि पर्लकोटेला पूर आल्यामुळे चार दिवस तिकडेच अडकली. पुलावरून पाणी, बस बंद, फोन लागेना. नागपूरला एका कंपनीच्या इंटर्नशिपची परीक्षा होती, ती हुकली. दार ठोठावलं तेव्हा ती घरी हजर नव्हती, किंवा घरीच होती म्हणून हजर नव्हती, कसंही म्हणा. रूमवर आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला राग आला. नेमका कुणाचा ते कळेना, म्हणून मी ती गोष्ट खरी आहे का ते शोधायला बसले. जे सापडलं ते इथे मांडते.

सिएटलचा मुलगा

गॅरी किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. घराणं दर्यावर्दी. जहाज कसं चालवायचं, दिशा कशी काढायची हे शिकवणारी शाळाच त्यांच्या घरची होती. गॅरीला व्हायचं होतं गणिताचा शिक्षक. त्यासाठी तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला, आणि तिथे कॉम्प्युटर नावाचं प्रकरण त्याच्या आयुष्यात आलं. त्या काळचा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र. तुम्ही पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट बघायची. एक कार्ड चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तरीही पोरगा त्यात रमला.

व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते, तरुणांना सक्तीने सैन्यात बोलावलं जाई. किल्डॉल नौदलात गेले आणि तिथे त्यांना मिळालं शिकवण्याचं काम. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे नौदलाची पदव्युत्तर शिक्षणाची संस्था आहे, तिथे ते कॉम्प्युटर शिकवू लागले. मास्तर व्हायची हौस अशी आडवाटेने पूर्ण झाली. मधल्या काळात विद्यापीठात परत जाऊन १९७२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९७३ साली त्यांनी प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशनवर एक शोधनिबंध मांडला. आपल्याला कंपायलर विषयात डेटा फ्लो अॅनालिसिस शिकावं लागतं ना, त्याचा पाया घालणाऱ्या निबंधांपैकी हा एक. म्हणजे हे गृहस्थ निव्वळ जुगाडू नव्हते, पक्के अभ्यासक होते.

छोटी चिप, मोठा नाद

१९७१ च्या शेवटी इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. चार बिटचा, आत जेमतेम २,३०० ट्रान्झिस्टर. आज आपल्या मोबाइलमध्ये अब्जावधी असतात. बहुतेकांना तो कॅल्क्युलेटर किंवा ट्रॅफिक सिग्नलला लागणारा सुटा भाग वाटत होता. किल्डॉल यांना त्यात कॉम्प्युटर दिसला. ती चिप मिळवून ते तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहू लागले. सुट्टीच्या दिवशी इंटेलमध्ये सल्लागार म्हणून जाऊ लागले. इंटेलने त्यांना पुढच्या ८००८ आणि ८०८० या चिप असलेली यंत्रं वापरायला दिली. १९७३ मध्ये त्यांनी पीएल/एम ही भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी तयार झालेली ही पहिली उच्चस्तरीय भाषा. त्याआधी जे काही लिहायचं ते असेंब्लीत. ज्यांनी आपल्या लॅबमध्ये ८०८५ च्या किटवर दोन आकड्यांची बेरीज करताना घाम गाळलाय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता अडचण होती ती साठवणुकीची. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून ठेवायचे, आणि ती पट्टी वाचायला लागायचा भरपूर वेळ. तेवढ्यात फ्लॉपी डिस्क आली होती. किल्डॉल यांनी एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला, पण तो चिपला जोडणारा कंट्रोलर काही त्यांना जमेना. हार्डवेअर हा त्यांचा प्रांत नव्हता. शेवटी विद्यापीठापासूनचा मित्र जॉन टोरोड याने कंट्रोलर बनवून दिला. मग १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या छोट्या गावात, घरामागच्या शेडमध्ये, ८०८० चिपने फ्लॉपीवरून पहिल्यांदा हुकूम मानला. किल्डॉल यांनी लिहिलेल्या त्या सिस्टिमचं नाव सीपी/एम.

आधी त्यांनी ती इंटेललाच दाखवली. इंटेलला तिच्यात फारसा रस वाटला नाही. त्यांनी पीएल/एम घेतली आणि सीपी/एम किल्डॉल यांच्याकडेच राहिली. संधी ओळखता न येण्याचा हा प्रसंग मात्र कुठल्या भाषणात ऐकू येत नाही!

सीपी/एम म्हणजे काय

आज कमांड प्रॉम्प्ट उघडून डीआयआर टाइप केलं की फाइलींची यादी येते. ती कमांड सीपी/एममध्ये होती. ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं सीपी/एममध्ये होती. फाइलीचं नाव आठ अक्षरांचं, मग टिंब, मग तीन अक्षरांचं शेपूट, ही पद्धतही तिथली. आपल्या लॅपटॉपमध्ये डिस्क सी पासून का सुरू होते, ए आणि बी गेल्या कुठे, हा प्रश्न पहिल्या वर्षी सगळ्यांनाच पडतो. ती दोन अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली. फ्लॉपी गेली, जागा तशीच रिकामी राहिली.

पण खरी करामत वेगळीच होती. साधारण १९७६ च्या सुमारास इमसाय नावाच्या कंपनीला तिच्या कॉम्प्युटरसाठी सीपी/एम हवी होती. त्यांचं हार्डवेअर वेगळं. त्याआधीही एकदोन यंत्रांसाठी किल्डॉल यांनी कोड बदलून दिला होता. दर वेळी सगळं उकलायचं, बदलायचं, पुन्हा तपासायचं. कंटाळलेल्या माणसाने जे करायला हवं तेच त्यांनी केलं. ज्या भागाला यंत्राची खासियत माहीत असावी लागते तो छोटा भाग उरलेल्या सिस्टिमपासून पूर्ण वेगळा काढला. कीबोर्डवरून अक्षर घे, पडद्यावर अक्षर टाक, डिस्कवरचा अमुक सेक्टर वाच, अशी मोजकी कामं करणारा हा भाग. त्याचं नाव ठेवलं बायोस. हो, तेच बायोस, ज्यात शिरण्यासाठी आपण एफ-२ बडवत असतो!

हे मला समजलं ते आपल्या गडचिरोलीच्या उदाहरणावरून. समजा जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक सूचना निघाली, अमुक तारखेला लसीकरण आहे. भामरागडला ती माडियात सांगावी लागते, सिरोंचाला तेलुगूत, चामोर्शी-मुलचेराकडच्या बंगाली वस्त्यांमध्ये बंगालीत. म्हणून काय मूळ सूचना दर गावासाठी नव्याने काढतात? सूचना एकच राहते, गावोगावी फक्त दुभाषा बदलतो. बायोस म्हणजे तो दुभाषा. कॉम्प्युटर बनवणाऱ्याने आपल्या यंत्रापुरता दुभाषा लिहायचा, बाकी सीपी/एम जशीच्या तशी चालणार. आणि सीपी/एमवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम, मग तो पत्रं लिहायचा असो की हिशेबाचा, त्या यंत्रावर चालणार.

आता जुन्या बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, आणि लिनक्स सुरू झाल्यावर दुभाष्याचं काम त्याचे स्वतःचे ड्रायव्हर करतात. पण दुभाषा वेगळा ठेवायचा ही कल्पना तीच आहे. आमचा एक पेनड्राइव्ह सात लॅपटॉपवर चालला तो याच कल्पनेच्या जोरावर.

आकाशगंगेएवढी कंपनी

किल्डॉल आणि त्यांची पत्नी डोरोथी यांनी मिळून कंपनी काढली. नाव काय ठेवावं? इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! म्हणजे अनेक आकाशगंगांवर पसरलेली, आणि माणसं मोजून दोन. पुढे नावातली आकाशगंगा गळाली आणि डिजिटल रिसर्च उरलं. हौशी लोकांच्या मासिकात जाहिरात देऊन ते सीपी/एम विकत. किंमत ७० डॉलर. पॅकिंग, पत्रं, हिशेब, करार हे सगळं डोरोथी बघायच्या. किल्डॉल यांचं मन कोडमध्ये, गाड्यांमध्ये आणि विमानात. वाटाघाटी करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही.

बघता बघता गाडी सुसाट सुटली. १९८१ पर्यंत सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालत होती आणि कंपनीचं वर्षाचं उत्पन्न ५४ लाख डॉलरवर गेलं होतं. छोट्या कॉम्प्युटरच्या जगात तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे सीपी/एम असंच समीकरण झालं होतं.

तो दिवस

आता ती विमानाची गोष्ट.

१९८० मध्ये आयबीएमला घाईघाईने एक छोटा, घरगुती वापराचा कॉम्प्युटर बनवायचा होता. त्यांची माणसं आधी मायक्रोसॉफ्टकडे गेली, बेसिक भाषेसाठी. ऑपरेटिंग सिस्टिमही हवी म्हटल्यावर गेट्स यांनीच त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवलं.

ठरल्या दिवशी आयबीएमची मंडळी पॅसिफिक ग्रोव्हला आली. किल्डॉल त्या सकाळी विमान उडवत होते हे खरं आहे. पण हवा खायला नव्हे. सहकारी टॉम रोलँडर यांच्यासोबत ते ओकलंडकडे बिल गॉडबाउट या व्यावसायिकाला सॉफ्टवेअर पोचवायला गेले होते. म्हणजे आधी ठरलेल्या गिऱ्हाइकाचं काम. आणि करारमदाराची बोलणी डोरोथी करणार हे कंपनीत नेहमीचंच होतं.

आयबीएमने बोलणी सुरू होण्याआधीच गुप्ततेचा एक करार पुढे केला. कशासाठी आलोय हेही सही झाल्यावरच सांगणार. डोरोथींनी तो कंपनीचे वकील जेरी डेव्हिस यांना दाखवला, आणि त्यांच्या सल्ल्यावरून, गॅरींच्या संमतीशिवाय सही करायला नकार दिला. तुम्हीच सांगा, यात बेफिकिरी कुठे आहे? बँकेचा फॉर्मही न वाचता सही करू नको असं आपल्याला घरून बजावतात.

दुपारी किल्डॉल परत आले आणि बोलणीत सामील झाले असं त्यांच्या बाजूच्या लोकांनी सांगितलं आहे. आयबीएमचे जॅक सॅम्स यांच्या आठवणीप्रमाणे मात्र त्यांची किल्डॉल यांच्याशी भेटच झाली नाही. नंतर बोलणी फिसकटली ती बहुधा पैशाच्या पद्धतीवरून. आयबीएमला एकरकमी व्यवहार हवा होता, किल्डॉल यांना प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी. कुणाचं बरोबर यावर आजही लोक भांडतात. पण एक सकाळ विमानात घालवली आणि साम्राज्य गेलं, इतकी ती गोष्ट सरळ नक्कीच नाही.

चाळीस आणि दोनशे चाळीस

पुढे आयबीएम पुन्हा गेट्स यांच्याकडे गेलं. सिएटलमध्येच एक छोटी कंपनी होती, सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स. तिथल्या टिम पॅटरसन या तरुण इंजिनिअरने ८०८६ चिपसाठी एक सिस्टिम लिहिली होती, कारण सीपी/एमची त्या चिपसाठीची आवृत्ती यायला उशीर होत होता. मायक्रोसॉफ्टने ती आधी वापरायचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये सुमारे ५० हजार डॉलरला पूर्ण हक्क विकत घेतले. तीच पीसी डॉस झाली. आणि ती दुसऱ्या कंपन्यांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. खरी चतुराई इथे होती.

किल्डॉल यांनी पीसी डॉस तपासली तेव्हा ती सीपी/एमच्या साच्यावर बेतलेली आहे असं त्यांचं मत झालं. पॅटरसन यांचं म्हणणं असं की त्यांनी कोडची नक्कल केली नाही, सीपी/एमचे जुने प्रोग्रॅम नव्या चिपवर सहज आणता यावेत म्हणून बाहेरची रचना फक्त तशी ठेवली. त्या काळी सॉफ्टवेअरच्या हक्कांचा कायदाच अस्पष्ट होता. कोर्टात जाऊन निकाल काय लागेल याची वकिलांना खात्री देता येईना. शेवटी तडजोड झाली. आयबीएमने मान्य केलं की आम्ही सीपी/एम-८६ सुद्धा विकू, आणि किल्डॉल यांनी दावा न करण्याचं कबूल केलं.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला. किल्डॉल यांना वाटलं होतं की दोन्ही सिस्टिम समोर ठेवल्या तर लोक चांगली निवडतील. मग किमती कळल्या. पीसी डॉस ४० डॉलर, सीपी/एम-८६ मात्र २४० डॉलर. सहापट! मित्रांनो, कॅन्टीनमध्ये एकाच ताटात दहा रुपयांचा समोसा आणि साठ रुपयांचा समोसा ठेवला तर काय होईल? तेच झालं. चव बघायला कुणी थांबलंच नाही.

साधारण वर्षभराने, २६ ऑगस्ट १९८२ ला, आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पुढे आपल्याकडच्या ऑफिसांत, शाळांत, क्लासमध्ये कॉम्प्युटर आले ते डॉस घेऊन. आपले बरेच सर आणि मॅडम डीआयआर, टाइप, कॉपी करत शिकले. त्या काळ्या पडद्यामागे कुठे तरी पॅसिफिक ग्रोव्हची ती शेड होती.

हरलेला माणूस?

यानंतर किल्डॉल खचून घरी बसले असतील असं मला वाटलं होतं. चूक! १९८३ ते १९९० ते कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमाचे सहनिवेदक होते. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांची उत्पादनंही ते तिथे शांतपणे समजावून सांगत. १९८५ मध्ये त्यांच्या डिजिटल रिसर्चने जेम हे खिडक्या आणि माउसवालं वातावरण आणलं, विंडोजची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. सीडीवर नुसती गाणी का, पुस्तकं का नाही, असा विचार करून त्यांनी वेगळी कंपनी काढली आणि १९८५ मध्येच ग्रोलियरचा अख्खा ज्ञानकोश एका सीडी-रॉमवर आणला. १९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस काढून मायक्रोसॉफ्टला त्याच्याच मैदानात घाम फोडला. १९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली. किल्डॉल यांच्याकडे पैशाची कमतरता नव्हती. गाड्या, विमानं, समुद्रकाठचं घर, सगळं होतं.

खुपत होती ती गोष्टच. जिथे जातील तिथे लोक विमानाचं विचारत. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणक विभागाला २५ वर्षं झाली. माजी विद्यार्थी म्हणून किल्डॉल यांना बोलावणं आलं, आणि मुख्य भाषणाचा मान होता बिल गेट्स यांना. गेट्स या विद्यापीठाचे विद्यार्थीही नव्हते, ते हार्वर्डमधून मध्येच बाहेर पडलेले. ज्या विभागातून आपण डॉक्टरेट घेतली तिथे प्रेक्षकांत बसायचं! हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. मग त्यांनी आपली बाजू सांगणारं आत्मचरित्र लिहायला घेतलं, काही प्रती जवळच्या माणसांना दिल्या, पण ते छापलं गेलं नाही. शेवटच्या काळात दारूचा त्रासही वाढला होता, हे त्यांच्या मुलांनीही पुढे लपवलं नाही. डोरोथींशी आधीच घटस्फोट झाला होता.

८ जुलै १९९४ ला माँटेरेतल्या एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला मार लागला. पडले की काही झटापट झाली हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला, ते गेले. वय अवघं ५२. सिएटलमध्येच त्यांचं दफन झालं.

सन्मान झाला, पण उशिरा. २०१४ मध्ये आयईईई या संस्थेने पॅसिफिक ग्रोव्हला डिजिटल रिसर्चच्या जुन्या इमारतीपाशी पाटी लावली. त्याच वर्षी कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. २०१६ मध्ये मुलांच्या परवानगीने आत्मचरित्राचा पहिला भागही तिथे प्रसिद्ध झाला. ज्यांना हौस असेल त्यांनी तो कोड जरूर बघावा. आपल्या मिनी प्रोजेक्टपेक्षा खूप लहान आहे, आणि कॉमेंट्स आपल्यापेक्षा जास्त आहेत!

शेवटी

हे सगळं शोधून झाल्यावर एका रात्री मी रूममेटला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं की त्या सकाळी तो गेला नसता तर ज्याला सॉफ्टवेअर कबूल केलं होतं त्याचं काय झालं असतं? मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. पूर येण्याआधी तीही कुणाला तरी कबूल केलं म्हणूनच घरी गेली होती. आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं.

मी काही किल्डॉल यांना संत ठरवत नाही. सीपी/एम-८६ ला उशीर झाला, किमतीच्या बाबतीत ते गाफील राहिले, आणि गेट्स यांना व्यवहार त्यांच्यापेक्षा खूप चांगला कळत होता. त्या पाहुण्यांचा हेतूही चांगलाच असणार, आपण वेळेवर पोचावं एवढंच त्यांना सांगायचं असेल. पण एखाद्या माणसाचं ५२ वर्षांचं आयुष्य एका सकाळच्या विनोदात गुंडाळून टाळ्या घेणं बरं नव्हे. समोरच्या खुर्च्यांवर कोण बसलंय हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं.

रूममेटने पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. मागच्या महिन्यात घरी गेली तेव्हा ती आमचा पेनड्राइव्ह सोबत घेऊन गेली. गावात ओळखीच्यांकडे एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, कुठल्या कंपनीचा ते स्टिकरसुद्धा उरलं नव्हतं. रात्री नेटवर्क आलं तेव्हा तिचा फोटो आला. लिनक्स सुरू झालेलं, आणि पडद्यासमोर तीन पोरं दाटीवाटीने बसलेली. सातचे आठ झाले.

आणि हो, या फोटोसोबत तिने आठवणीने लिहिलं होतं की बॅकअप आधी घेतला. तुम्हीही घ्या बाप्पा!